रिकामा बार

डावीकडे मान वळत नाही, म्हणून
पंधरा दिवस मी जगाला उजवीकडूनच भेटतेय.
डावीकडून कुणी हाक मारली
की अख्खी मीच वळते,
डेपोत एसटी वळते तशी, मागेपुढे करत.

कोपरखैरण्यात, माथाडींच्या चाळीमागे
जिथे आधी पिठाची गिरणी होती तिथे आता जिम आहे.
प्रणोती केणी बारवरच्या प्लेटा उतरवते.
एक. मग दुसरी.
साठ किलोंची मी वीसवर येते.
"आज नुसता बार, ताई. आनि रुसायचं नाय."
शेजारचा बारावीतला पोरगा
आरशातून माझ्याकडे बघतो,
मग सभ्यपणे बघायचं टाळतो.

डॉक्टर म्हणाले, तुटलं-सरकलं काही नाही.
महापेच्या ऑफिसात नऊ तास
दुसऱ्यांचे पगार मोजताना
कासवासारखी मान बाहेर काढून बसता, त्याचं बिल आलंय.
थांबू नका. कमी करा.

कमी करणं
हे सगळ्यात जड.

आबांना या सगळ्याचं हसू येतं.
एकतीस वर्षं मार्केटात पाठीवर गोणी वाहिलेला माणूस.
"आमास्नी वजन उचलायचे पैसे मिळायचे.
तू उचलतीस, आन् वर पैसे देतीस?"
मग माझी वाकायची तऱ्हा बघून
हसू आवरून उठतात,
भिंतीला हात धरून, कारण कंबर आधी, आबा नंतर.
"गोणी घेताना नजर कुठं ठेवायची ठावं हाय?
भुईकडं न्हाई. आभाळाकडं न्हाई.
म्होरल्याच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर.
श्वास आधी भरायचा. ओझं मागनं.
आन् पाठ मधे आणायचीच न्हाई, पायांचं काम पायांनी करावं."

हेच प्रणोती सांगते,
फक्त तिच्याकडे त्यासाठी तक्ता आहे.

रात्री तव्यावर जाडं मीठ तडतडतं.
आबांच्या जुन्या बनियनच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी.
पुरचुंडी एक, माना दोन.
दहा मिनिटं माझी, दहा मिनिटं त्यांची,
मधल्या वेळात टीव्हीवर कुणाचं तरी लग्न मोडतं.
त्यांच्या मानेखाली उंचवटा आहे,
कातड्याचा, लहान मुलाच्या उशीएवढा.
तिथे मीठ लावलं तरी त्यांना ऊन लागत नाही.
"लावलंस का?" विचारतात.
लावलं, म्हणते. केव्हाचं लावलंय.

सात दिवस जमिनीवर झोपले, मानेखाली टॉवेलची गुंडाळी.
ऑफिसात दर तासाला उठून
पाणी प्यायच्या निमित्तानं खांदे मागे नेले.
साहेबांनी विचारलं, तहान फार लागते का हल्ली?
हो म्हटलं.

आणि रोज रिकामा बार.
खाली, वर. दुसऱ्या गुंडीकडे बघत.
एका संध्याकाळी मधेच थांबले, बार हातात तसाच.
आबांच्या गोणीतून
कुणी कधी मूठभर कांदाही काढला नव्हता.
मान धरली त्या दिवशीही गोणी तेवढीच होती,
आणि दुसऱ्या दिवशीही.
बार खाली ठेवताना वाजू दिला नाही.

परवा त्यांना जिममध्ये नेलं.
दारात चपला काढून आत आले, देवळात येतात तसे.
पोरांनी जागा केली.
आबांनी बारखाली दोन्ही तळवे घातले,
वीतभर उचलला, डोळे मिटून जरासा तोलला,
जागेवर ठेवला.
"वीस न्हाई ह्यो. साडेएकोणीस."

प्रणोती म्हणाली, छापलंय आबा, वीस.
"छापू दे."

बारावीतला पोरगा बार खांद्यावर टाकून
वजनकाट्याकडे निघालासुद्धा.
काटा दाराजवळ, माझ्या डाव्या हाताला.
किती भरलं, म्हणून मी वळून बघितलं.

मान कुरकुरली.
पण वळली.