पहिला भाग, दोनदा

ट्रामचे ब्रेक तपासणं हा माझा धंदा.
चाक किंचाळलं की न वाकता सांगतो,
कुठं वाळू अडकलीय, कुठला पॅड झिजलाय.
पण लेव्हनशुल्मला, चर्चमागच्या खोलीत
नुआलाबाईंनी फिडल दिलं हातात,
मी गज ओढला, आणि तो जो आवाज आला
तो कुठल्या झिजेचा, काही सांगता येईना.

"मनगट," त्या म्हणाल्या. "मेलंय तुझं मनगट."
शहात्तर वर्षांच्या, मूळच्या लीट्रिमच्या,
जन्मभर इथल्या इस्पितळात रात्रपाळी केलेल्या.
मेलेलं काय आणि नुसतं झोपलेलं काय,
त्यांना हात लावून कळतं.
धरून हलवलं त्यांनी माझं मनगट
तळाशी बसलेलं औषध हलवावं तसं.

मी वही काढली. त्यांनी ती मिटली.
"कागदावर काही नसतं. ऐक."
आणि एक जिग वाजवली, सावकाश,
पोराला जिना उतरवावा तशी,
प्रत्येक पायरीवर थांबून.
नाव विचारलं.
"नाव होतं. चुलत्याला माहीत होतं माझ्या.
आपण मंगळवारची म्हणू."

डोक्यात लगेच धा धिं ना, धा तिं ना.
किर्लोस्करवाडीत तबल्यावर घातलेली दोन वर्षांची फी
वाटलं, आता वसूल होणार.
नाही झाली. दादऱ्यात बसते ती जिग,
पण पाहुण्यासारखी, खुर्चीच्या कडेवर.
नुआलाबाईंचा बूट मोजत नाही,
तो फरशीला काहीतरी सांगत असतो.

मग तो निषाद.
शुद्ध लावला. "खाली."
कोमल लावला. "आता फारच रडायला लागलास."
मग कुठं?
"मधे. चुलता तिथंच बोट ठेवायचा."
डेपोतली पिवळी चिकटपट्टी मी पट्टीवर लावली होती,
एकेका सुराला एकेक खूण.
त्यांनी नखानं सोलून काढली,
कचऱ्यातही टाकली नाही, माझ्याच बाहीला चिकटवली.

घरी शर्वाणी, काही शिजत नसतानाही,
चिमणीचा पंखा लावते.
काळ्या स्वेटरवर राळेची भुकटी,
गिरणीतून आल्यासारखा मी.
डाव्या बोटांना घट्टे, हनुवटीखाली लाल डाग,
कामावरची पोरं त्या डागावरून भलतंच काही बोलतात,
बोलू देतो.
एका गुरुवारी बोट चुकलं आणि तो निषाद लागला.
मी इतका दचकलो की गज सुटला.
पुन्हा लागला नाही.

सामाईक भिंतीपलीकडं मिस्टर ऑल्डक्रॉफ्ट.
नवाच्या ठोक्याला सपातीनं भिंत ठोकतात.
परवा कचऱ्याचे डबे बाहेर काढताना
त्यांनी मला गाठलं. मी माफीची जुळवाजुळव करत होतो.
"पहिला भाग," ते म्हणाले, "दोनदा.
मग पुन्हा तोच पहिला भाग, दोनदा.
सात आठवडे.
पुढं काय होतं?"
पुढचा अजून शिकवलेला नाही, मी म्हणालो.
"मग विचारा ना बाईंना!" म्हणाले
आणि बाटल्यांचा डबा खडखडवत निघून गेले.

विचारलं.
नुआलाबाईंनी डोळे मिटले. दुसरा भाग
वर गेला, बारीक तारेवर,
इतका वर, की मला वाटलं परत येणार नाही.
आला. मला मात्र चारच सूर धरता आले.
ते गुणगुणत स्टॉकपोर्ट रोडनं चालत आलो,
कुणी हाक मारू नये म्हणून मान खाली घालून.

नवाला पाच कमी होते.
भिंतीकडं तोंड करून
पहिला भाग, दोनदा.
मग ते चार. तिसरा घसरला.
थांबलो.

पलीकडं सपाती वाजली नाही.
खुर्ची ओढली गेली. लाकडी फरशी,
एका पायाचं रबर गेलेलं, माणूस जड,
आणि खुर्ची भिंतीच्या बाजूला आली.
एवढं मला ऐकून कळतं.