एकास सातशे

पेटीवर समुद्र छापलेला, हिरवट, अंगावर येणारा.
आत चार करड्या चौकटी, पिशवीत नीट बंद.
तोफा, शिड्या, नांगर, धुराडी,
सगळं काडीला धरून,
तोडायची वाट बघत.

भाच्यानं पाठवली पुण्याहून. म्हणाला, मामा,
पावसाळ्यात तुमच्याकडं मोटारी येत नाहीत ना?
खरं आहे. धानाला वरून पाणी मिळतं तेव्हा
सावरटोल्यात एक पंप जळत नाही
आणि माझं रिवाइंडिंगचं दुकान
दुपारभर नुसतं चहा पितं.

सूचना जपानीत. आकडे तेवढे वाचता येतात.
सातवर बारा, बारावर तीस.
कापायला नेलकटर.
धरायला पुस्तकलाचा भुवयांचा चिमटा,
जो तिनं पंचवीस वर्षांत कधी हातात घेतला नाही
आणि मागितला तेव्हा म्हणाली, परत पाहिजे.

तीन बुरूज. प्रत्येकाला दोन नळ्या.
सहावी नळी चिमट्यातून उडाली
आणि फरशीवर कुठंच सापडली नाही.
कोंबडी तिथंच होती. तिला काय विचारणार.
त्या जागी टाचणी बसवली, डोकं मोडून.
टाचणीही समोर बघते
बाकीच्या पाच बघतात तशीच.

डोलकाठीच्या तारा पेटीत नव्हत्या.
हे मात्र माझं काम.
कोपऱ्यात एक रेडिओ पडून आहे,
मालक न्यायला आलाच नाही.
त्याच्या कॉइलमधून काढली चव्वेचाळीस गेज,
श्वास सोडला तरी हलते.
श्वास धरून चार तारा ओढल्या.
पाचवीला खोकला आला.

सोविंदा नान्हे बोदलकशाकडून आला,
खांद्यावर ओलं जाळं, पायाला शेवाळ.
उचलून उलटी केली त्यानं. खाली सपाट.
"येचा बुड कोठी आहे गा?"
म्हटलं, पाण्याखालचा भाग देतच नाहीत.
टेबलावर ठेवली की टेबल म्हणजे पाणी.
तो बराच वेळ त्या सपाटीवरून अंगठा फिरवत राहिला.
"आमी त अगुदर बुडच कोरतो. डोंगा तेथूनच सुरू."
मग दारात थांबून, हसत:
"जेला बुडच नाही, तो बुडन कसा?"

रात्री भाच्याला फोन लावला.
हिचं पुढं काय झालं रे?
गेली, मामा. चव्वेचाळीस साली.
माणसं?
दोनशे चाळीस होती. त्यातली किती, ते...
रेंज गेली. मी पुन्हा लावला नाही.

रंग पंपाच्या बॉडीचा, करडा, थोडी काजळी घालून.
डेक तांबूस.
सुकेपर्यंत कागदावर भागाकार केला:
साडेपाच फुटांचा माणूस, सातशेनं.
अडीच मिलिमीटरही भरला नाही.
पुस्तकला सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.
एवढा? म्हणाली,
आणि चिन्नोरची एक कणी माझ्या तळव्यावर ठेवली.
मी ती बुरुजाशेजारी उभी करायला गेलो.
उभी राहिना. आडवी ठेवली.

किती होते म्हणालास?
आकडा सांगितला.
तिनं सूप टेबलाशी ओढलं, चिमटा मागून घेतला.
दिवे गेले तरी मोबाईलच्या उजेडात
ती माणसं ठेवत होती, मी मोजत होतो.
नौका वीतभरही नाही.
शंभराच्या पुढं ती एकमेकांवर यायला लागली,
काही काठावरून टेबलावर गेली.
ती आम्ही उचलली नाहीत.

सकाळी कोंबडी टेबलावर.
मी तिला लगेच हाकललं नाही,
का, ते अजून कळत नाही.
टाचणीच्या मागं
एक कणी राहिली होती.
तिला डिंक लावला.