एका हाताचा डबा

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर पेनानं दोनदा गोल केला,
म्हणाल्या, प्रोटीन.
शैलजानं विचारलं, ते कधी खायचं?
पाच-दहाची पहिली गाडी, अप्पर ते निगडी,
टोकाला पोचल्यावर सात मिनिटं,
त्यातच बाथरूमची रांग,
आणि एक हात कायम पैशांच्या पिशवीवर.
भाजी-पोळीला दोन हात लागतात, मॅडम.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मी करतो.
ती रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडत होती,
तिला ऐकू गेलं. तिनं ऐकलं नाही.

तीस वर्षं बुधवारात पुस्तकं बांधली मी.
खळ, पुठ्ठा, जुजबंदी.
आता महिन्याला चार रजिस्टरं येतात, एखादा प्रबंध,
आणि दुपारभर हात
मांडीवर पडून राहतात, कुणीतरी विसरून गेल्यासारखे.

रात्री मूग भिजत घातले.
पहाटे साडेतीनला मिक्सर लावला
तेव्हा खालून गोडांबेंनी छताला झाडू ठोकला.
आलं, मिरची, हळद, हिंग,
दोन चमचे सोयाबीनचं पीठ, तिला न सांगता.
पहिलं धिरडं तव्याला चिकटलं. दुसऱ्याची उशी झाली.
तिसरं, जमलं म्हणू या.
त्यावर कुस्करलेलं पनीर, वाफवलेली मोडाची मटकी
आणि हिरवी चटणी, सढळ हातानं.
सढळ, इथंच चुकलं.
संध्याकाळी आली ती डबा न बोलता मोरीत टाकून.
दहाच्या सगळ्या नोटा हिरव्या झाल्या होत्या,
डेपोतल्या कॅशियरनं वास घेत घेत मोजल्या.

मग मी बाइंडरासारखा विचार केला.
खळ जास्त झाली की पान फुगतं.
ओलं कधी कडेला जाऊ द्यायचं नाही.
दही फडक्यात बांधून नळाला टांगलं,
सकाळी त्या चक्क्यात लसूण आणि जवसाची पूड,
मधोमध बोटभर पट्टी, बस.
धिरडं कोमट असतानाच दुमडायचं,
गार झालं की मोडतं, जुन्या गॅझेटच्या कागदासारखं.
खालची कड वर. दोन्ही बाजू आत.
मग अंगठ्यांनी स्वतःकडे ओढत, पुढे लोटत, घट्ट,
आणि बटर पेपरची टोकं पिळून बंद.
हाडाची पट्टी फिरवायचा मोह झाला. आवरला.

ती कौतुक करणाऱ्यांतली नव्हे.
चप्पल काढता काढता थांबा सांगायची, एवढंच.
सोमवारी: स्वारगेटला सुटला.
बुधवारी: शिवाजीनगर.
पुढच्या आठवड्यात बोपोडी, मीठ कमी.
मग एका शनिवारी
पंखा लावून ती खुर्चीत बसली, पाय टीपॉयवर,
म्हणाली, निगडी.
मी कॅलेंडरावर खूण केली, दुधाच्या हिशेबाशेजारी.

शिंगाडे ड्रायव्हर विचारत होते,
घरी स्वयंपाकाला बाई लावलीत का?
तू काय सांगितलंस?
हो म्हटलं. चांगली आहे, जरा बडबडी आहे.

तेव्हापासून दोन करतो. शिंगाड्यांना पनीर नको,
उकडलेलं अंडं चालतं, मिरची दुप्पट.
गोडांबेंनीही झाडू बंद केला,
आता फक्त विचारतात, आज काय वाटलंत?

नवा रिपोर्ट परवा मिळेल.
आकडा यायचा तो येईल. मला त्यातलं कळत नाही,
मला कळतं ते एवढं, की मटकीला मोड
थंडीत दीड दिवस घेतात.

आज कापड आणायला निघालो होतो,
मार्केट यार्डच्या सिग्नलला तिची गाडी उभी.
मागच्या दाराशी ती. मी हात केला.
तिनं पाहिलं, भुवई उचलली फक्त.
हात कुठून करणार,
एका हातात वरचा दांडा,
दुसऱ्या हातात
माझं बाइंडिंग, अर्धं वाचून झालेलं.