सहीची जागा

साखर पेठेतल्या दवाखान्यात पंखा होता, वारा नव्हता.
मी म्हटलं, बाई, मला कळा नको आहेत.
तारीख द्या, पोट उघडा, बाळ हातात द्या.

बिराजदारबाई लगेच नाही म्हणाल्या नाहीत.
लगेच होसुद्धा नाही.
चष्मा काढून टेबलावर ठेवला,
"भीती कशाची आहे?"

आता काय सांगू.
पद्माक्का सव्वीस तास आत होती,
मी बाकावर तिच्या बांगड्या रुमालात धरून.
मग एक सिस्टर आली
आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली.

बाईंनी पाठकोऱ्या कागदावर पेनानं पदर काढले,
कातडीपासून पिशवीपर्यंत.
रक्त जास्त जातं. टाका पिकू शकतो.
पायात गुठळी, क्वचित, पण होते.
घाईनं काढलं तर बाळाला धाप.
"आणि पुढच्या खेपेला
वार जुन्या वणावरच रुजून बसली,
तर सुटता सुटत नाही."

नाना चाळीस वर्षं मागावर.
तुटलेला धागा सांधला की टॉवेल निघतो,
गिऱ्हाइकाला दिसत नाही काही.
नाना डोळे मिटून बोट फिरवायचे
आणि थांबायचे. इथं.

घरी अत्तम्मा सुपातून मान न उचलता म्हणाली,
सकाळी पाचशे विड्या वळल्या, दुपारी ह्याला काढला.
हा म्हणजे माझा नवरा. तो म्हणाला, खर्च किती?
दिरानं पंचांग आणलं :
शुक्रवार, नऊ चाळीस, उत्तम.
त्याला मुहूर्त हवा होता, मला सुटका,
तारीख एकच निघाली
म्हणून सगळे म्हणाले, नर्मदाचं ऐकलं आपण.

फॉर्मवर खाली दोन जागा.
नातेवाईकाची भरलेली, ठसठशीत, तारखेसकट.
पेशंटची रिकामी.

परत गेले. एकच विचारलं :
कळा आल्या तर तुम्ही असाल?
बाई थोडं थांबल्या.
"रात्र असली तर सिस्टर असेल.
मी दहा मिनिटांवर. खोटं नाही सांगणार.
आठवडा आहे अजून.
हो म्हणालीस तरी मीच, नाही म्हणालीस तरी मीच."

खोटं नाही सांगणार.
एवढं मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

रात्री गच्चीवर, फरशी अजून तापलेली,
कागद उशाखाली.
पोटावरून बोट फिरवलं नानांसारखं, डोळे मिटून.
कुठंच थांबलं नाही.
मग आतून एक टाच आली,
बरोबर बोटाखाली.