काना-मात्रा नसलेली ओळ

शनिवारी मशिदीत नऊच पुरुष.
(प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो, रेवदंड्यात पूर्वीपासून.)
दहावा, सॅमसन रोहेकर, काल दिवे लागायच्या आत
ठाण्याहून पोहोचणार होता,
तो वडखळच्या पुढे आलाच नाही.
दहा भरल्याशिवाय सेफेर कपाटातून निघत नाही.
तशी मी होते मागच्या बाकावर,
पण बाई मोजत नाहीत.
मखमली पडदा हलला, तो पंख्याने.

घरी येऊन बाबांची वही काढली.
बाबा तेली. शनिवारी घाणा बंद;
आमचा बैलही त्या दिवशी
जू दिसलं तर मान फिरवायचा.
उरलेल्या दिवसांत, पेंडीचा वास असलेल्या बोटांनी
त्यांनी सेफेरमधल्या ओळी उतरवल्या होत्या
उजवीकडून डावीकडे, जशाच्या तशा:
काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही.
मी विचारायचे, मग वाचायचं कसं?
म्हणायचे, "शेगुला, ओहोटीला खाडीतल्या होड्या बघ.
चिखलात बसलेल्या असतात, तिरक्या.
अक्षरं तशी. पाणी वाचणाऱ्याने आणायचं."

मी आणत होतेच की पाणी.
सात वर्षं, रोज संध्याकाळी, पश्चिमेला तोंड करून,
कारण पवित्र नगर त्या अंगाला, समुद्रापलीकडे.
मधे हिरू मोकलची वाडी.
समाईक विहिरीचा पाट त्याने रात्रीत वळवला,
माझ्या एकोणीस पोफळी वाळल्या,
मी गडग्याच्या खिंडीत बाभळीचे काटे भरले.
तेव्हापासून माझ्या प्रार्थनेला देवाकडे जाताना
त्याच्या अंगणातून जावं लागायचं,
आणि ती तिथेच थांबून भांडायची.
न्याय कर, म्हणायचे. बघतोस ना, म्हणायचे.
मग आमेन, दार लावल्यासारखं.

आज दुपारी मागायला काही सुचेना.
कुठेतरी बोंबील वाळत होते, वास येत होता.
नुसती उभी राहिले, गुडघा दुखेपर्यंत.
मग वही उघडली, आणि बोट
दोन अक्षरांवर थांबलं. रेश. आयिन.
रा, वाचलं मी. वाईट.
पण तसं वाचलं की ओळ लंगडत होती.
पुन्हा मागून आले, हळू.
रेआ.
तीच दोन अक्षरं. सोबती. शेजारी.

कोणी बोललं नाही. पडवीत ऊन होतं तिथेच होतं.
फक्त आत काहीतरी तिरकं बसलेलं हललं,
जशी पाणी शिरल्यावर होडी
चिखल सोडताना एक ओला आवाज करते.
म्हणजे त्या चामड्यावर
त्याने दोन्ही एकाच शाईत लिहून ठेवलं
आणि श्वास माझ्यावर सोडला.

लगेच उठणार होते. पण शनिवार.
काटा उपटणं हे काम.
तीन चांदण्या दिसेपर्यंत ओट्यावर बसले.
पहिली कोर्लईच्या डोंगरावर, दुसरी लगेच,
तिसरी फार उशिरा, सुरूंच्या मागे.
(तेवढ्या वेळात दोनदा पुन्हा रा असंच वाटलं.
खोटं कशाला सांगू.)

मग कोयता, बॅटरी.
काटे जुने, पण धार गेली नव्हती.
पलीकडे दिवा लागला. हिरू आला, बनियनवर,
केस पिकलेले. मला माहीतच नव्हतं.
"कनाला काढतंस काटं? कोंबऱ्या शिरतीन ना आमच्या."
"शिरू देत," मी म्हटलं.
पाटाचं तो काही बोलला नाही. मीही नाही.
जरा वेळाने म्हणाला, "रगत येतंय तुज्या हाताला,"
आणि आत गेला,
हळद आणायला की झोपायला, कळलं नाही.

मी खिंडीत उभी राहिले.
तोंड पश्चिमेलाच होतं.