निचरा : अपुरा

सकाळपासून अकरा वाड्या झाल्या,
अकरा पिशव्या, सगळ्या तांबड्या.
अकराही कागदांवर मी एकच ओळ लिहिणार होतो :
माती आंबट आहे, चुना घाला.
जांभ्याच्या मुलखात माती तपासणाऱ्याला
दुसरं वाक्य फारसं लागत नाही.

बारावी पिशवी सत्यवती मेथरांची.
कालावलच्या खाडीला लागून, बांधाच्या आत,
सव्वीस गुंठे खाजण.
बुटांना सड्यावरची लाल माती तशीच होती,
दहा पावलांत ती दिसेनाशी झाली.

गिरमिट घातलं.
पहिल्या वितीला काळी,
ओल्या पिठासारखी बोटांना धरून बसणारी.
दुसऱ्या वितीला राखाडी, आणि तिच्यात गंज :
लव्हाळ्याचं मूळ जिथे जिथे
थोडा वारा घेऊन खाली उतरलं होतं
तिथे मुळाभोवती एकेक तांबूस नळी.
त्याखाली निळसर. तिथे वारा कधी गेलाच नसावा.
नासक्या अंड्याचा वास.
मी वहीचं पान शोधेपर्यंत
भोकात खालून पाणी आलं
आणि आलं ते तिथेच बसलं.

“हयसर पाणी येता,” बाई म्हणाल्या, “जाणा नाय.”
मी लिहिलं, निचरा : अपुरा.

निळ्या मातीत पांढरे कण होते,
मुळ्यांचे, तिसऱ्यांचे चुरे,
एका बारक्या शंखाची अख्खी चोच.
त्यावर बाटलीतून आम्लाचा थेंब सोडला
आणि माती फसफसली,
उतू जाणाऱ्या पेजेसारखी.
बाई वाकल्या. कान लावला.
“काय बोलता ती?”
चुना आहे म्हणते, मी म्हणालो. खूप आहे.
“ता माका इचारूचा होता.”

मग त्यांनी भेंडीच्या झाडाकडे बोट केलं.
तिथे त्यांच्या बापसाची भट्टी होती :
सोडणांचा थर, शिंपल्यांचा थर, परत सोडणं,
तीन रात्री धूर.
आईच्या उजव्या डोळ्यात एकदा कळी उडाली,
पुढे ती जेवायला कायम
भिंतीला उजवी बाजू देऊन बसायची.
भट्टी गेली. खाडी मात्र अजून शिंपले आणते,
घरपट्टी मागितल्याशिवाय.

बांधाकडेला सुपारीची पाच रोपं होती.
पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.
सहावं सरकारी होतं, ते आधीच गेलं.
मी सांगू लागलो की मातीत लोह आहे,
पण एवढ्या चुन्यात ते मुळांना उचलता येत नाही,
वर मुळं बारा महिने पाण्यात, श्वास कोंडलेला—
“म्हंजे कणगी भरान आसा
नि झाकाण उघडणा नाय.”
होय, मी म्हणालो. चौदा वर्षं मी हे
दीड पानात समजावत आलो आहे.

उघाडीची फळी कुजली होती.
योजनेत नवी मिळेल, मी म्हणालो,
ओहोटीला उघडायची, पाणी काढून टाकायचं,
दोन पावसांत जमीन मोकळी होईल.
बाईंनी पदर खोचला, गुडघ्याएवढ्या चिखलात हात घातला,
आणि मूठभर खुबे काढून माझ्यासमोर धरले,
काळे, घट्ट मिटलेले.
“पाणी जावक नको. हे मरतले.”

शिफारस या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.
चुना घाला, हे लिहिता येत नव्हतं.
निचरा करा, हेही आता नाही.

“अकरा जणांका चुनो होयो म्हणालास ना?”
भेंडीखालचा जुना ढीग त्यांनी पायाने उकरला,
वर शेवाळ, आत पांढरं लख्ख.
“हयसून व्हरा. कुटून घाला म्हणा.”

रकाना कोरा ठेवून सही केली.
पोतं जीपमध्ये मागे टाकलं.
आचऱ्याच्या रस्त्यावर खड्डा आला की
ते खुळखुळायचं,
आणि ड्रायव्हर दर वेळी आरशात बघायचा,
मागे कोणी बसलंय का.