पाटी रंगवताना

ईस्टरच्या आधी इद्वल पाटी उतरवतो,
एलुनेदच्या कॅफेमागे उपडी घालतो,
खाऱ्या वाऱ्याने कुरतडलेली अक्षरं
मांजरीच्या केसांच्या ब्रशने गिरवत बसतो.

वर मोठ्याने : आमच्या गावात काय पाहाल.

एक. ओहोटीला उघडं पडणारं बुडालेलं रान.
काळे बुंधे, हजारो वर्षांचे,
पायाखाली ओल्या केकसारखे दबतात.
मुलं त्यांवर उभी राहून आइस्क्रीम चाटतात.
भरतीची वेळ सांगितली
तर आया नुसतं हसतात.

दोन. लाइफबोटीचं घर, तिकीट दोन पौंड.
आत वल्ही, दोरखंड, एक शिट्टी
आणि काचेमागे निळा लोकरी स्वेटर.
तो कुणाचा, ते कार्डावर आहे.
कोपराचं ठिगळ कुणी लावलं, ते नाही.

तीन. तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांची वाट.
टोपल्यांनी लादलेली गाढवं इथून वर चढायची.
त्यांची पतवंडं आता
सनस्क्रीनचा वास मारणारी पोरं घेऊन
त्याच वाटेने खाली जातात.

चार. जुनं चॅपेल. बाहेरूनच पाहावे.
आत सहा जणांची सोय, कुत्र्याचे पैसे वेगळे.
भजनाच्या वह्यांच्या फळीवर टॉवेल.
दाराच्या किल्लीपेटीचा नंबर इद्वलला पाठ आहे;
बॉयलर बिघडला की त्यालाच बोलावतात.
बाप्तिस्मा झाला ती जागा
आता वॉशिंग मशीनच्या थोडी डावीकडे.

ऑगस्टात गावाला पाय ठेवायला जागा नसते.
जानेवारीत संध्याकाळी खिडक्या मोजाव्या :
अकरा.
एलुनेदची धरून.

पाच नंबर रिकामा आहे.
कमिटी म्हणते सर्फिंग. एलुनेद म्हणते चिप्स लिही, खपतील.
तो ब्रश पुसतो, पुन्हा बुडवतो,
वेल्शमध्ये लिहितो : कारेग मोद्रिब.
खाली भाषांतर नाही. बाणही नाही.
नकाशावर त्या खडकाला नावच नाही,
आणि ज्या आत्यावरून ते पडलं
ती तिथे बसून शिवायची, वाट पाहायची,
एवढंच घरात बोललं जायचं,
तेही जेवण झाल्यावर.

मेमध्ये लाल गमबुटातली एक मुलगी
पाटीसमोर थांबली, मोठ्याने वाचू लागली.
चुकलं. त्याने सांगितलं.
पुन्हा चुकलं, यावेळी वेगळीकडे.
तिसऱ्यांदा जीभ टाळ्याला नीट लागली,
जवळपास.

मग आईने हाक मारली,
पार्किंगची वेळ संपत होती.